चाखणाऱ्याची साक्ष

ओक म्हटले की मराठी माणसाला आधी आडनाव आठवते, मग झाड. या झाडाच्या लाकडी पिंपात मुरवलेली फिकट बिअर, म्हणजे ‘पेल एल’, परदेशी रसिक चाखतात आणि तिला गुण देतात. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बिअर-परीक्षकांच्या उपक्रमात एकूण गुण ५०: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर प्रभावाला १०. रूपाला अवघे तीन! आपल्या मुली पाहण्याच्या रीतीशी हे प्रमाण ताडून पाहावे.

बडोद्यात असा विषय काढणे चमत्कारिकच. गुजरात राज्य १९६० साली झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे; परवान्यावाचून हा पेला ओठांना लावता येत नाही. पण म्हणूनच प्रश्न तेथे टोकदार होतो. ज्याला स्वतः चाखता येते त्याला दुसऱ्याच्या आकड्याची गरज थोडी. ज्याला येत नाही, त्याच्यापुढे तो आकडा साक्ष म्हणून उभा राहतो. ‘५० पैकी ४१’ एवढे बोलून साक्षीदाराची जबाबदारी संपते का?

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली छापलेल्या रुचीवरच्या निबंधात ‘डॉन किहोटे’तली एक गोष्ट घेतली आहे. सँको पांझाच्या दोन नातलगांना पिंपातल्या वाइनबद्दल मत विचारले. एक म्हणाला, उत्तम, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तमच, पण लोखंडाची लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली! ह्यूमला यात सूक्ष्म रुचीचा पुरावा दिसला. मला ते दोघे आवडतात ते निराळ्या कारणाने. त्यांनी जे लागले ते सांगितले आणि हसे सोसले.

ओकमध्ये मुरलेल्या बिअरच्या बाबतीत पिंप हीच किल्ली. लाकडातून टॅनिन उतरते, ते तुरट. भाजलेल्या लाकडातून व्हॅनिलासारखा वास येतो. हॉपचा कडवटपणा वेगळा. तुरटाला गुजराती शेजारी ‘तूरो’ म्हणतो, कानडी शेजारी ‘ओगरु’. ‘आवळ्यासारखी तुरट, कारल्याहून कमी कडू’ असे कोणी सांगितले, तर जन्मात बिअर न चाखलेल्या माणसाच्याही जिभेवर काहीतरी उमटते. ४१ या आकड्याने काय उमटणार?

याची दुसरी बाजूही बडोद्यानेच छापून ठेवली आहे. गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९२६ साली एम. रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला नाट्यशास्त्राचा पहिला खंड अभिनवगुप्तांच्या टीकेसह निघाला. त्या टीकेत रसासाठी पानकाचा दाखला येतो: पानकाची चव गुळात किंवा मिरीत सुटी सापडत नाही. परीक्षकांनी ‘एकंदर प्रभावा’साठी १० गुण राखून ठेवले, त्यात ही कबुली आहेच.

न चाखता ‘वाईटच’ म्हणणाऱ्यांचे काय? दारूने घर बुडते हे सांगायला जीभ लागत नाही. ते मत पूर्ण ग्राह्य आहे. चवीबद्दल मात्र त्यांचा शब्द चालणार नाही, जसा उत्तम चाखणाऱ्याचा शब्द घर बुडण्याबद्दल चालत नाही. आपण या दोन साक्षी सर्रास एकमेकींत मिसळतो.

खरी कसोटी चिठ्ठीशी येते. बाटलीवर ‘ओक’ छापलेले वाचले की जिभेला लाकूड लागू लागते, किंमत कळली की आणखी लागते. म्हणून चोख परीक्षेत बाटली झाकून ठेवतात. झाकण काढल्यावर, सगळे ओकची वाखाणणी करत असताना, ‘मला लाकूड लागले नाही’ एवढेच सांगणारा एखादा असला, तर मी त्याच्या शब्दावर विसंबेन.