कुंपणापलीकडचा माग

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला एक सरकारी रान आहे. शवामेगन-निकोले त्याचे नाव, पसारा १५ लाख एकरांहून अधिक. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे; तिथे नोव्हेंबरात नऊ दिवस परवाना काढून बंदुकीने हरणांची शिकार करता येते.

त्या रानाच्या कडेला एक तरुण राहत होता. रानाला लागूनच एका म्हातारीची जमीन होती. तिच्याकडे ओकची जुनी झाडे होती, मक्याचे शेत होते. हरणांना आणखी काय हवे? उन्हाळ्यात तरुण तिच्या दारी गेला आणि शिकारीची परवानगी मागितली.

"नाही, बाळ," म्हातारी म्हणाली आणि दार लावून घेतले.

मग तो सरकारी रानात शिरला. तिथे कुणालाच मज्जाव नव्हता, आणि अडचण तीच होती. बहुतेक शिकारी गाडी लावून रस्त्याच्या जवळपास बसत. हरणे तिथून आत सरकत. तरुणही आत गेला. कोवळ्या झाडांची साल शिंगे घासून निघालेली दिसली. खुरांनी उकरलेली माती दिसली. दलदल आणि टेकडी यांच्या मधून एक चिंचोळी वाट जात होती. तिथे तो नुसता बसून राही आणि वारा कुठून येतो ते पाही. हरणांना माणसाचा वास गेला, की चांगल्यातली चांगली जागा फुकट.

हंगामाचा पहिला शनिवार उजाडला. भडक नारिंगी जाकीट घालून तो वाटेच्या कडेला बसला होता. एक नर आला. बार झाला. हरीण उसळले आणि पळाले.

थोडा वेळ थांबून तो मागावर निघाला. पाचोळ्यावरचे रक्ताचे थेंब म्हातारीच्या कुंपणापर्यंत गेले. तारेला केस अडकले होते. पलीकडेही थेंब होते.

आसपास कुणी नव्हते. हरीण फार लांब गेले नसणार. पण दुसऱ्याच्या जमिनीत पडलेले जनावर आणायलाही मालकाची परवानगी लागते, असा तिथला कायदा. तरुणाने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, रस्त्याने लांबचा वळसा घेतला आणि दार वाजवले.

म्हातारीने ऐकून घेतले. काही न बोलता कोट चढवला. ती पुढे, तो मागे. हरीण ओकखाली पडलेले सापडले.

"असे माग माझ्या जमिनीत पुष्कळ पाहिलेत," ती म्हणाली. "दार मात्र फार थोड्यांनी वाजवलं."

तरुणाने एक मांडी तिच्या घरी पोचवली.

जागा शोधणारा झाडे पाहतो, खुरांच्या खुणा पाहतो, वारा पाहतो. कुंपणाच्या आतले माणूसही त्याला पाहत असते, एवढे मात्र बहुधा त्याच्या ध्यानात येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा तिच्याकडे गेला. त्याने तोंड उघडण्याआधीच म्हातारी म्हणाली, "वारा पश्चिमेचा असला, तर गोठ्याकडच्या फाटकातून येऊ नकोस. मक्यातल्या हरणांना वास जातो."