सातच्या अलीकडे

कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठी एक गुऱ्हाळ होतं. मालकांना सगळे आबा म्हणत. त्यांचा गूळ कोल्हापूरच्या बाजारात गेला की अडते ढेप फोडायच्या आधीच भाव बोलत, आणि त्याचं श्रेय आबा मोकळेपणानं आपल्या गुळव्याला देत. गुळव्या इतक्या वर्षांत घरचाच झाला होता. आबांची लेक त्याला मामा म्हणायची.

मामांचं सगळं काम नजरेवर चाले. रस काहिलीत पडला, चुलवाणात चिपाडं पेटली, की ते चुन्याची निवळी तांब्यानं ओतत. रसावर मळी चढू लागली की भेंडीच्या चिकाचं पाणी, मग झाऱ्यानं मळी काढणं, आणि शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी धरते का ते बघणं. निवळी किती घालायची, असं कुणी विचारलं तर मामा म्हणत, "रस सांगतो."

लेक कोल्हापूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ऐन हंगामात सुट्टीवर आली ती सामू मोजायच्या पट्ट्या घेऊनच. सामू ७ च्या खाली असला तर पदार्थ आम्लधर्मी, वर असला तर अल्कधर्मी, आणि एकेक अंक खाली उतरला की आम्लता दहापट वाढलेली. हे माप १९०९ साली सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलं. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्यानं काढलेली. म्हणजे या मापाचा जन्मही काहिलीपासून फार लांब झालेला नाही, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

लेकीनं चमचाभर ताजा रस गार करून त्यात पट्टी बुडवली. सामू आला ५.३ च्या आसपास. मामांनी निवळी ओतली, ढवळली. आता ६.२.

"अजून आंबट आहे," ती म्हणाली. "७ म्हणजे ना आम्ल, ना अल्क. तिथपर्यंत नेऊ."

"बास हाय एवढं, पोरी."

"पण मामा, आंबटपणानंच साखर फुटते ना? मग तो ठेवायचाच कशाला?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्लात तापलेली उसाची साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि ते वाढले की गूळ चिकट होतो, ढेप धरत नाही. शिवाय हे फोडण्याचं काम करताना आम्ल स्वतः खर्च होत नाही. थोडंसं आम्लही रस उकळत असेतोवर साखर फोडत राहतं. आबांना लेकीचा अभिमान वाटला. ते म्हणाले, "घाला, मामा. शिकलेली पोर सांगतीया."

मामांनी अर्धा तांब्या ओतला. पट्टी ७ वर थांबलीच नाही, ८ च्याही पुढे गेली. लेक चपापली. पहिल्या तांब्यानं जेमतेम एक अंक हलला होता, आणि अर्ध्यानंच दोन ओलांडले. रसातली सौम्य आम्लं सुरुवातीला चुना पचवतात, सामूला फार हलू देत नाहीत. ती संपत आली की मग थोड्या चुन्यानंही सामू उडी मारतो. वर्गात ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना हाच चढ तिनं आलेखावर काढला होता. काहिलीजवळ तो तिच्या डोळ्यांसमोर घडला.

रसाचा रंग तेव्हाच गडद होऊ लागला. दोन-अडीच तासांनी काहील उतरवली तेव्हा पाक काळपट होता, आणि गुळाला खारवट चव आली होती. अल्कात तापलं की ग्लुकोज-फ्रुक्टोज तुटून काळसर द्रव्यं होतात. आम्लाच्या भीतीनं तिनं रस पलीकडच्या काठाला नेऊन सोडला होता.

आबा काही बोलले नाहीत. मामाही नाहीत. ढेपा सुटल्यावर त्यांनी त्या वेगळ्या रचल्या, इतकंच.

रात्री लेक वही घेऊन बसली. ७ हा शुद्ध पाण्याचा सामू. माणसाच्या रक्ताचा ७.३५ ते ७.४५. पोटातल्या रसाचा १ ते ३, आणि तो ७ वर नेला तर अन्न नीट पचणार नाही. तिनं ७ ला सगळ्यांचं घर समजलं होतं. सकाळी तिनं मामांना विचारलं, "तुम्ही आंबटपणा किती ठेवता?" इतक्या वर्षांत प्रत्येकानं त्यांना चुना किती घालता, एवढंच विचारलं होतं. मामा हातातलं काम ठेवून बसले आणि सांगू लागले: मळी फाटून वर कशी यावी लागते, रस कुठवर निवळला की हात आखडायचा. लेक त्या एकेका खुणेपुढे सामू मांडत गेली. चुन्यातलं कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटशी जुळून गाळासकट वर येतं, हे तिनं सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "मंजी मळीच चुना खाती व्हय!"

पुढच्या आठवड्यात ट्रॉली बिघडली आणि तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला. त्याचा रस काढला, मामांनी नेहमीचा तांब्या ओतला. मळी बरी आली, ते समाधानी दिसले. लेकीनं पट्टी बुडवली. ५.५.

"मामा, हा रस मुळातच जास्त आंबलेला होता. तुमचा तांब्या कमी पडला."

मामांनी पट्टीकडे पाहिलं, मग रसाकडे. "शिळ्या उसाचा गूळ माझ्या हातनं दर साली चिकट व्हतो," ते हळूच म्हणाले. "मी आपला जमिनीला बोल लावायचो."

या वेळी निवळी वाटीवाटीनं पडली. वाटी, ढवळणं, पट्टी. ६.२ ला दोघांनी एकदमच हात थांबवला. ढेप सकाळी घट्ट निघाली. शाहूपुरीतल्या अडत्याला रंग थोडा कमी वाटला, पण त्यानं ती घेतली.

मामांनी मग पट्ट्यांचं एक पाकीट स्वतःसाठी मागून घेतलं. नव्या रसात पट्टी बुडवायच्या आधी ते आपला अंदाज मोठ्यानं बोलायचे आणि मग लेक आकडा वाचायची. तिची सुट्टी संपत आली तोवर दोघांत अर्ध्या अंकाहून जास्त फरक क्वचितच पडू लागला होता.