तोच अभंग की तसाच?

सीडीवरचा अभंग संगणकावर उतरवला, तर येतो तो तोच की तसाच? हा भेद आपल्या दर्शनांत जुना आहे. मीमांसकांच्या मते वर्ण नित्य. उच्चार त्याला फक्त प्रकट करतो, म्हणून दहा जणांच्या तोंडचा ‘ग’ एकच. नैयायिक म्हणतात, ध्वनी उपजतो नि विरतो. ‘तोच ग’ हा भास, क्षणोक्षणी नवी असून तीच वाटणाऱ्या दिव्याच्या ज्योतीसारखा.

आता सीडीकडे वळू. भीमसेन जोशींच्या अभंगांची सीडी घेतली, तर तिच्यावर दर सेकंदाला, प्रत्येक चॅनेलसाठी, १६ बिटांचे ४४,१०० नमुने असतात. काही न गाळता दाबलेली फ्लॅक फाइल आकाराने साधारण निम्मी, पण उलगडली की प्रत्येक आकडा जागच्या जागी. एमपी३ मात्र ‘हे कानाला कळणार नाही’ असे ठरवून काही भाग टाकून देते. फार आवळले तर टाळांचा झणत्कार आधी बिघडतो. सीडी उतरवताना खोल ओरखड्यापाशी ड्राइव्ह अंदाजाने जागा भरते, म्हणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्रॅम ती जागा पुन्हापुन्हा वाचतो आणि इतरांच्या प्रतींच्या चेकसमशी, म्हणजे आकड्यांवरून काढलेल्या पडताळणी-अंकाशी, ताडतो.

चेकसम जुळला की मीमांसकाची बाजू भक्कम: आकड्यांची माळ एकच, चकती नि फाइल तिच्या निव्वळ व्यंजक, म्हणजे तिला प्रकट करणाऱ्या. तरी स्पीकरमधून हवा हलते ती दर वेळी नवी, एवढे नैयायिकाला द्यावेच लागते. शिवाय नमुने घेतले गेले ते एका दिवशीच्या गायनाचे. भजनीमंडळात तोच अभंग दर एकादशीला वेगळा लागतो.