चाळिशी लागल्यावर

मराठीत एका वयाला आणि एका चष्म्याला मिळून एकच शब्द आहे. ‘चाळिशी लागली’ म्हटलं की नाकावर काच आली, हे सांगावं लागत नाही. या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळच्या वस्तूसाठी त्याला जो बाक द्यावा लागतो, तो देता येईनासा होतो. मग समोरून येणाऱ्या एसटीची पाटी झकास वाचता येते, पण औषधाच्या बाटलीवरची तारीख हात लांब करकरून पाहावी लागते. धूसर होतं ते जवळचं.

मध्यमवयातल्या घालमेलीबद्दल आपण नेमकं उलट समजून चालतो. आयुष्याचं ध्येय दूर कुठेतरी आहे, ते दिसत नाही, म्हणून ही तडफड. इलियट जॅक्स या मानसतज्ज्ञाने १९६५ साली या अवस्थेला ‘मध्यमवयातला पेच’ असं नाव दिलं. त्याच्या मुळाशी त्याला मृत्यूची जाणीव दिसली. नाव मिळाल्यावर दुकानं लागायला वेळ लागत नाही. हिमालयातले ट्रेक, कार्यशाळा, मुळशीकडे घेतलेले चार गुंठे. (गुंठेवाल्यांची टिंगल करायचा मला हक्क नाही, मीही एकदा सातबारा पाहून आलो आहे.) पण अंतर वाढवून दिसायला लागेल, हा हिशेब मला पटत नाही.

धोंडो केशव कर्वे यांचं उदाहरण ‘जीवनध्येय’ या शब्दाखाली नेहमी दिलं जातं. त्यांचं आयुष्य तारखांनिशी पाहिलं, तर ध्येयाचा साक्षात्कार कुठे सापडत नाही. पहिली पत्नी १८९१ मध्ये गेली. १८९३ मध्ये, पस्तिशीच्या आसपास, त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे मित्राची विधवा बहीण आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. त्यांच्या मुरुड गावच्या गावकीने बहिष्कार टाकला. एका विधवेचा प्रश्न घरातच आल्यावर बाकीच्या जणींनी राहायचं कुठे, शिकायचं कुठे, हे दाराशीच उभं होतं. १८९६ मध्ये सुरू झालेलं विधवांच्या आश्रमाचं काम १९०० साली हिंगण्याच्या माळावर गेलं. फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास घ्यायचे आणि मग पायी हिंगणं गाठायचं, हा क्रम. दूरचं काही पाहणाऱ्या माणसाची ही चाल वाटत नाही.

त्यांच्या महिला विद्यापीठाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका टपालाने आली. कर्व्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवून दिली. पुढे नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९१५ च्या मुंबईतल्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं आणि भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाताशी आली. १९१६ मध्ये विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. पुस्तिका तीच होती. मधल्या काळात तिच्यात एक अक्षर वाढलं नव्हतं. बदललं होतं ते वाचणाऱ्याचं आयुष्य. अर्थ सापडणं म्हणजे बहुधा असंच काहीतरी असावं: बाजूला ठेवलेला कागद पुन्हा वाचता येणं.

एवढं लिहून झाल्यावर मात्र पेन अडखळतं. कर्व्यांना त्या माळरानाकडे चालत जाता आलं, कारण मागे कोणीतरी घर सांभाळत होतं. बहिष्कार, पैशाची चणचण आणि मुलं या सगळ्यात त्या घराचा गाडा आनंदीबाईंनी, म्हणजे त्याच गोदूबाईंनी ओढला. चाळिशीत दिशा शोधण्याची चैन त्यांना कोणी देऊ केली नव्हती. त्यांनी आपली हकीकत सांगितली, ती पार म्हातारपणी. पुस्तकाला नाव दिलं ‘माझे पुराण’. स्वतःच्या आयुष्याला असं नाव देणाऱ्या बाईला जवळचं किती स्वच्छ दिसत असेल, असं ते नाव वाचताना दर वेळी वाटतं.