आजचं चिंतन : रुतलेलं नख आणि सतराव्या अध्यायातलं तप



आज गीतेचा सतरावा अध्याय घेऊया, श्लोक ५, ६ आणि १४. पाचव्या-सहाव्यात भगवंत एका विचित्र तपाबद्दल बोलतात. काही लोक शास्त्राने न सांगितलेलं घोर तप करतात, त्यामागे दंभ असतो, अहंकार असतो. ते शरीराला पिळतात आणि त्या शरीरात बसलेल्या मलाही पिळतात, असं भगवंत म्हणतात. अशा निश्चयाला ते आसुरी म्हणतात.

हे श्लोक मी कितीतरी वेळा वाचले होते. माझ्या डोळ्यांसमोर यायचे ते खिळ्यांवर झोपणारे बाबा. त्यात मीही बसते, हे मला कळलं पवनारला, उजव्या पायाच्या अंगठ्यामुळे.

आधी थोडं माझ्याबद्दल. मला सहा वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. अंग सतत दुखतं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, तरी दुखतं. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचा संदेश मोठा करून ऐकवतात, जसा रेडिओचा आवाज कोणीतरी पूर्ण वाढवून बटणच काढून न्यावं. घरच्यांनाही सुरुवातीला पटत नव्हतं. मग मी सांगणंच बंद केलं. 'तितिक्षा' हा शब्द मला फार आवडायला लागला. दुसऱ्या अध्यायातला १४वा श्लोक मी भिंतीवर चिकटवला होता : शीत-उष्ण, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सोसावं.

त्यात अंगठ्याचं नख आत रुतायला लागलं. पहिल्यांदा मी नेलकटरने कोपरा खोदून काढला. चार दिवस बरं वाटलं. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अंगठा लाल, सुजलेला, कडेला पू. एका डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, तुमचं ते फायब्रोचंच असेल, सेन्सिटिव्ह असता तुम्ही. खरं सांगू? मला रागही आला नाही. मीही तेच म्हणत होते. त्यांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं? माझं रोजचंच सहा असतं, त्यातून अंगठ्याचं वेगळं कसं मोजायचं? मी 'चार' सांगून घरी आले आणि श्लोक म्हणत बसले.

नंतर चार दिवस सुट्टी मिळाली म्हणून पवनारला गेले. धाम नदीच्या काठावरचा परंधाम आश्रम तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. विनोबा १९३८ मध्ये इथे राहायला आले तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती. इथे त्यांनी शेतात खणायला सुरुवात केली. आधी अगदी थोडा वेळ, मग रोज जरासा जास्त. फिजिओ मला जे सहा वर्षं सांगतोय, झेपेल तेवढं पण नेमाने, ते हेच! त्या खणण्यातच जमिनीतून भरत-राम भेटीचं शिल्प निघालं. ते आज तिथल्या मंदिरात आहे. १९५९ मध्ये विनोबांनी इथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं.

मंदिराच्या पायरीशी मी चपला काढल्या. तिथल्या एका वयस्क ताईंनी माझा मोजा पाहिला. टोकाशी डाग पडला होता.

"अगं, हे काय? किती दिवसांचं?"

मी म्हटलं, "काही नाही ताई, मला सवय आहे. सोसते मी."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोसतेस की पोसतेस?"

मग कोमट पाण्याचं घमेलं आणून माझ्यापुढे ठेवलं. मला रडू आलं. सहा वर्षांत माझ्या दुखण्यावर कोणी मत दिलं नाही, फक्त पाणी दिलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्या रात्री सतरावा अध्याय उघडला. कबूल करते, माझ्या सोसण्यात दंभ होता. 'बघा, मी किती सहन करते' हे कोणालाही न सांगता मी स्वतःला रोज सांगत होते. अहंकार होता. आणि त्याहून वाईट म्हणजे अविश्वास होता : लोकांनी माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवला नाही, तर मीही माझ्या शरीरावर ठेवला नाही. आत बसलेला तो अंगठ्यातून हाका मारत होता आणि मी त्याला श्लोक ऐकवत होते.

मग १४वा श्लोक पाहिला. शरीराचं खरं तप कोणतं? देव, गुरू, ज्ञानी यांची पूजा, आणि शौच, आर्जव, ब्रह्मचर्य, अहिंसा. शौच म्हणजे स्वच्छता. आर्जव म्हणजे सरळपणा, जसं आहे तसं सांगणं. अहिंसा तर आपण नेहमी दुसऱ्यासाठीच राखून ठेवतो. शरीराला पिळणं या यादीत कुठेच नाही.

विनोबांचंच उदाहरण घ्या. भूदान यात्रेत, डिसेंबर १९५२ मध्ये, बिहारमध्ये चांडिलला त्यांना जबरदस्त मलेरिया झाला. औषध घ्यायला ते आधी तयार नव्हते. सगळ्यांनी विनवलं आणि शेवटी त्यांनी औषध घेतलं. बरे झाले आणि पुढे अनेक वर्षं चालत राहिले. कोणी म्हणेल, पण १९८२ मध्ये इथेच पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं होतं ना? हो. ८७ वर्षांच्या, काम पूर्ण झालेल्या संताचा तो निरोप होता. त्याची नक्कल करायची नसते. आपल्यासाठी धडा चांडिलचा आहे. औषध घेतलं म्हणून वैराग्य कमी झालं नाही.

आणि पवनारपासून जवळच दत्तपूर आहे. तिथे मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. पायात काटा गेला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोटं गमावली जातात. म्हणून तिथे पाय रोज डोळ्यांनी तपासावे लागतात. मी विचार करत बसले : ज्यांना दुखत नाही त्यांनी पाय बघायचे, आणि मला इतकं दुखतं की मीही बघत नव्हते! सततचं दुखणं हीसुद्धा एक बधिरताच झाली की.

परतल्यावर एका सर्जनकडे गेले. या वेळी आर्जव. आधीच सांगितलं : मला फायब्रोमायल्जिया आहे, या गोळ्या चालू आहेत, सुई मला इतरांपेक्षा जास्त लागते, आणि अंगठ्याचं दुखणं रोजच्यासारखं नाही, ते एकाच जागी ठणकतं. त्यांनी ऐकून घेतलं. समजावलंही : कोपरा खोदला की आत एक टोकदार कपचा राहतो, तो वाढताना पुन्हा मांसात घुसतो. म्हणून परत परत होत होतं. लंगडल्यामुळे गुडघा-कंबर दुखत होती, झोप मोडत होती, आणि झोप मोडली की माझं सगळंच अंग पेटायचं.

अंगठा बधिर करून नखाची फक्त कडेची पट्टी काढली आणि मुळाशी फिनॉल लावलं, म्हणजे तेवढी कड पुन्हा सहसा उगवत नाही. इंजेक्शन सावकाश दिलं. लागलं, खोटं नाही बोलणार. पुढे काही आठवडे ड्रेसिंग. माझं अंग मात्र त्याहून जास्त दिवस कुरकुरत होतं. पण आठ महिने झाले, नख रुतलेलं नाही.

फायब्रो गेला का? नाही. आज हे लिहितानाही खांदे दुखताहेत. पण तितिक्षेची जागा आता मला कळली. जे बरं होऊ शकतं ते आधी बरं करायचं. त्यानंतर जे उरतं, ज्याला आज उपाय नाही, तिथे तितिक्षा. मी हा क्रम उलटा लावला होता.

आजचा संकल्प छोटासा. अंघोळीनंतर स्वतःचे पाय नीट पुसा आणि बघा. नखं सरळ कापा, कोपरे गोल करून खोल घेऊ नका. बोटं दाबणारे बूट बाजूला ठेवा. नुसतं रुतायला लागलं असेल तर पाय कोमट पाण्यात ठेवा. पण पू, पसरणारी लाली, ताप असेल तर डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल किंवा पायातला रक्तपुरवठा कमी असेल तर घरी प्रयोग नकोच. आणि जुनं दुखणं असणाऱ्यांनो, नवीन काही दुखलं तर 'हे नवीन आहे' असं स्पष्ट सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा.

घरात कोणी असं सतत दुखणारं माणूस असेल तर आज त्याला उपदेश नको. कोमट पाणी विचारा.

हे अंतर्यामी, तू या देहात राहतोस हे मला बोटांच्या टोकापर्यंत आठवत राहो.

उद्या पुढचा श्लोक. जय जगत.