दुरावलेले अपत्य आणि पालकाचा दावा

सज्ञान मुलगा वा मुलगी आईबापांपासून हळूहळू दूर होते, पत्रांना उत्तर देईनासे होते, सणावारालाही घराकडे फिरकत नाही, तेव्हा जे दुःख त्या घरात उतरते त्याला समाजाने कोणताही विधी नेमून दिलेला नाही. मृत्यूला निदान सुतक असते, शेजारीपाजारी येऊन बसतात, पण येथे सारेच लपवावे लागते, आणि कोंडलेले दुःख बहुधा फिर्यादीचे रूप धारण करते.

या फिर्यादीची कायद्याने काही अंशी दखल घेतली आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने असमर्थ आईबापांना पोटगी मागण्याची मुभा दिली. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी विवाहित कन्येवरही असल्याचा निर्वाळा दिला. 2007 च्या अधिनियमाने, सांभाळाच्या अटीवर करून दिलेले बक्षीसपत्र अटभंग झाल्यास रद्द ठरविण्याची तजवीज केली. ज्यांच्यापुढे अन्नवस्त्राचाच प्रश्न आहे त्यांनी हा मार्ग निःसंकोच धरावा. मात्र ज्याला भाकरीची नव्हे, मुलाची भूक आहे, त्याने मनातल्या मनात चालविलेला दावा कोणत्याच दरबारी निकाली निघत नाही.

महात्मा गांधी आणि हरिलाल यांचे उदाहरण या संदर्भात मला वारंवार आठवते. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहात पित्याच्या खांद्याला खांदा लावून तुरुंगात गेलेला हा पुत्र 1911 मध्ये घर सोडून निघाला. 1915 मध्ये त्याने पित्याला उद्देशून एक दीर्घ पत्र छापले आणि आपल्याला शिक्षण नाकारले गेले, आपले म्हणणे कधी ऐकूनच घेतले गेले नाही, अशी आपली कैफियत मांडली. पुढे आत्मचरित्रात गांधीजींनी ज्येष्ठ पुत्राच्या दोषांत आपल्याच पूर्वायुष्यातील असंयमाचा प्रतिध्वनी पाहिला. ही कबुली थोर मनाची आहे, यात शंका नाही. तरीही तिच्यात मुलगा कोठे आहे? त्याचे वागणे म्हणजे पित्याच्या चारित्र्याचा परिणाम, एवढेच त्यात उरते. ‘सारा दोष तुझा’ म्हणणारा आणि ‘सारा दोष माझा’ म्हणणारा, हे दोन्ही पालक अपत्याला आपल्याच आयुष्यातील एक प्रकरण समजतात, असे माझे मत आहे, आणि आत्मनिंदेच्या या सूक्ष्म मालकीपासून सुटणे हे रागापासून सुटण्याहून पुष्कळ कठीण आहे.

दावा सोडणे म्हणजे माया सोडणे नव्हे. व्यवहारात त्याचा अर्थ पुष्कळ साधा आहे: मामा-काकांना मध्यस्थ करून निरोप धाडू नयेत, नातवंडांकडून घरातली खबर काढू नये, लग्नकार्यात चारचौघांपुढे रडगाणे गाऊ नये, मृत्युपत्राचे आमिष किंवा धाक दाखवू नये. वर्षातून एखादे पत्र लिहावे, पण त्यात उत्तराची मागणी नसावी. आजारपण आले तर ते आहे तसे कळवावे. यावे की न यावे, हा निर्णय त्याचा. आणि त्याने कधी तोंड उघडून जुन्या गोष्टी काढल्या, तर आपले स्मरण वेगळे असले तरी प्रत्येक तपशिलाचे खंडन करीत न बसता शेवटपर्यंत ऐकावे; कारण हरिलालची मुख्य तक्रार ऐकून न घेतले जाण्याचीच होती.

एवढे करूनही मूल परत येईल, याची हमी मी देऊ शकत नाही. काही घरांत मुलांनी इतके सोसलेले असते की अंतर राखणे हाच त्यांच्या जगण्याचा आधार असतो, आणि तेथे त्यांना परत बोलावण्याचा अधिकारही आईबापांपाशी उरलेला नसतो.