हसणारा ख्रिस्त पडद्यावर का येत नाही?

ख्रिस्ताच्या चरित्रावरचे चित्रपट पाहिले की एक गोष्ट खटकते. त्यांत ख्रिस्त क्वचितच हसतो. 'दयासागर' घ्या. ए. भीमसिंग यांनी हा चित्रपट तेलुगूत 'करुणामयुडू' या नावानं केला आणि 1978 साली तो पडद्यावर आला. विजयचंदर त्यात येशू झाले होते. त्याचं हिंदी रूप पुढं प्रोजेक्टर आणि पांढरी चादर घेऊन फिरणाऱ्या सेवकांनी गावोगाव नेलं. लगेच पुढच्या वर्षी लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला 'जीझस' निघाला. तो आता जगातल्या हजारांहून जास्त भाषांत बोलतो, त्यांत मराठीही आहे. दोन्ही चित्रपट लोकांच्या मनात उरतात ते फटक्यांच्या, काट्यांच्या मुकुटाच्या आणि क्रुसाच्या दृश्यांनी. बायका पदर डोळ्यांना लावतात, पुरुष खाली बघतात.

सुरतेच्या उत्तर टोकाला, आमच्या कोसाडमध्येही नाताळाच्या सुमारास हेच होतं. झोपडपट्ट्या हलवून महापालिकेनं बांधलेल्या इथल्या आवास वसाहतीत गुजराती, अहिराणी, उडिया, भोजपुरी असे सगळे आवाज एकाच जिन्यात भेटतात. नाताळात गॅलरीत कागदी चांदणी लटकली की समजायचं, हे घर आपल्यातलं. गमिती, चौधरी, खानदेशी, कुणीही असो. चित्रपट लावला की सगळे एकत्र रडतात. रडण्याला माझी हरकत नाही. पण सण जन्माचा आणि दाखवायचं मरण, ही जोडणी मला कधी पटली नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला येशूचा पहिला चमत्कार काना गावातल्या एका लग्नात घडतो. पंगत चालू असताना द्राक्षारस संपतो आणि तो सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा उत्तम द्राक्षारस करतो. त्यानं कुणाचा आजार बरा केला नाही, कुणाला उठवलं नाही, फक्त एका घराची लाज राखली आणि पाहुण्यांची मौज लांबवली. विरोधक त्याच्यावर खादाडपणाचा आरोप करत, हेही शुभवर्तमानात आहे. हा जेवणारा, लग्नाला जाणारा, लेकरांना जवळ घेणारा येशू आपल्या कलेतून गेला कुठं?

कला आणि श्रद्धा यांचं नातं मराठी ख्रिस्ती माणसानं कसकसं समजून घेतलं, हे मागं जाऊन पाहिलं की थोडा उलगडा होतो. सुरुवात गोव्यात होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत. ते का लिहिलं याचं कारण पुराणातच येतं: नवख्रिस्ती लोक म्हणतात, आमच्या जुन्या पोथ्या तुम्ही बंद केल्यात, मग ऐकायला दुसरं काही द्या. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होतं, पोथ्या जप्त होत होत्या, देवळं पडली होती. ज्यांनी गाणं काढून घेतलं त्यांच्याच गोटातल्या एकानं नवं गाणं दिलं. हे विसरून 'ख्रिस्तपुराणा'चं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही.

तरीही ओव्या वाचताना स्टीफन्सच्या हेतूपलीकडचं काहीतरी दिसतं. त्याला शिकवण द्यायची होती, आणि शिकवण द्यायला चार ओळींचं प्रश्नोत्तर पुरलं असतं. ते त्यानं वेगळं लिहिलंही. पण पुराणात तो भाषेच्या नादाला लागला आहे. मराठीची स्तुती करताना त्याचा हात थांबत नाही. धर्म शिकवायला बसलेला माणूस ओवीच्या चालीत रमला, हा या कथेतला पहिला आनंद. वरिष्ठांना त्याचं मोल किती कळलं, कोण जाणे. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयनं लोकांना आपली भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज धरायचा हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराण' मात्र हस्तलिखितांतून घराघरांत टिकलं. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली ते देवनागरीत आणलं, तेव्हा कुठं ते बाकीच्या मराठी वाचकाच्या हाती लागलं.

एकोणिसाव्या शतकात विचाराचा रोख बदलला. आता राज्य छापील गद्याचं. इथं सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीच्या लोकांनी 1820च्या दशकात बायबल गुजरातीत छापलं. नगरला 1842 साली 'ज्ञानोदय' सुरू झालं. वाद, खंडन, तर्क, शाळा, व्याकरण. या मंडळींनी भाषेचं मोठं काम केलं, पण कलेकडं पाहण्याची त्यांची दृष्टी शिक्षकाची होती. गाणी होती, ती बहुतेक विलायती चालींवर मराठी शब्द बसवलेली. शब्द आपले आणि दम लागायचा तो दुसऱ्याच्या जागी. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा टाळ-मृदंगाला देवळाबाहेरच्या या मंडपात जागा मिळाली. तरी कीर्तनाकडंही पुष्कळांनी प्रचाराची चांगली सोय म्हणूनच पाहिलं. लोक जमतात, ऐकतात, मग बोलता येतं.

नारायण वामन टिळक आले आणि ही सोय अपुरी पडली. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची मराठी शाळांमधली ओळख आजही फुलामुलांचा कवी हीच आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. धर्म बदलल्यावर त्यांनी फुलं सोडली नाहीत. पाखरू, पोरं, फूल यांच्याकडं पाहताना जी नजर होती तीच घेऊन ते ख्रिस्ताकडं गेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते सांगत. त्यांची भजनं मंडळ्यांत आजही गायिली जातात, आणि ती म्हणताना श्वास ओढून धरावा लागत नाही. 1917 साली साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथं बसता यावं ही त्यांची इच्छा होती. मिशनच्या चौकटीत हे सहज मावणारं नव्हतं. दोनच वर्षांत, 1919 साली, ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

इथं जरा थांबतो, कारण ख्रिस्ती आनंदाचं मराठीतलं सगळ्यात भरघोस पुस्तक 'ख्रिस्तायन' नव्हे, लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आहे. 1934 पासून ते भागाभागानं निघालं. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून संसार मोडला, पाच वर्षं वेगळं राहावं लागलं, सोवळंओवळं सुटताना जीव मेटाकुटीला आला, प्लेग, दारिद्र्य, मुलांची आजारपणं. पण पानापानावर हसू. टिळक पैसे वाटून मोकळे होतात आणि चूल पेटवायची वेळ आली की बाई त्यांना फैलावर घेतात. टिळकांना संत करून मखरात बसवायचं त्यांनी साफ नाकारलं. श्रद्धेचा एकही सिद्धांत न मांडता त्यांनी जे केलं ते कुणा प्रवचनकाराला जमलेलं नाही: माणूस दुःखातून गेला आणि तरी त्याची चेष्टेची खोड गेली नाही, हे दाखवलं. विजया मेहता यांनी या पुस्तकावर केलेल्या चित्रपटात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या आहेत. त्यात कुठंही क्रुसावरची जखम मोठी करून दाखवलेली नाही. तरी ख्रिस्ती माणसाबद्दलचा मराठीतला चांगला चित्रपट कुठला असं कुणी विचारलं तर मी आधी तोच सांगेन.

चित्रपटाचीच गोष्ट निघाली तर दादासाहेब फाळक्यांना टाळून पुढं जाता येणार नाही. मुंबईच्या एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला, आणि समोर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढं राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. हे त्यांनी स्वतः पुढं 'नवयुग' मासिकात लिहिलं. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला. नंतर 'लंका दहन', 'श्रीकृष्णजन्म', आणि त्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण झालेला 'कालियामर्दन'. म्हणजे या देशातला चित्रपट ज्या ठिणगीनं पेटला ती ख्रिस्ताच्या कथेची होती, आणि त्या उजेडात दिसला कृष्ण. प्रचाराच्या हिशेबानं ही पूर्ण फसलेली सभा. एक माणूस ख्रिस्त पाहायला आला आणि कृष्ण घेऊन घरी गेला! पण टिळकांची गोष्ट हिच्याशेजारी ठेवली की हिशेबच बदलतो. तुकोबांचे अभंग ऐकत एक जण ख्रिस्तापाशी गेला, ख्रिस्ताची चित्रं पाहत दुसरा गोकुळात गेला. दोघांच्या वयात दहा वर्षांचंही अंतर नाही, आणि दोघंही कोकण-नाशिकच्याच हवेतले. कला कुणाला कुठं नेईल हे दाखवणाऱ्याच्या हातात नसतं. ज्याला ते हातात ठेवायचंय त्यानं पत्रकं छापावीत.

चित्रकलेत हाच प्रश्न अँजेलो दा फोन्सेका यांच्या वाट्याला आला. 1902 साली गोव्यात जन्मलेला हा माणूस शांतिनिकेतनात शिकून परतला आणि त्यानं मरियेला साडी नेसवली, कपाळी कुंकू लावलं, इथल्या झाडाखाली बसवलं. गोव्यातल्या चर्चच्या लोकांना ते रुचलं नाही. मग फोन्सेका पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिले. तो आश्रम ज्या जॅक विन्स्लो यांच्या पुढाकारानं उभा राहिला, त्यांनीच टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही. टिळकांनी कवितेत केलं ते फोन्सेकांना रंगात करायचं होतं. त्यांच्या मरियेच्या चेहऱ्यावर शांत समाधान आहे, बाळाला अंगावर घेतलेल्या कुठल्याही बाईच्या चेहऱ्यावर असतं तसं. 1967 साली ते वारले. आपल्या घरांच्या भिंतीवर मात्र आजही वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकारानं 1940 साली रंगवलेला, सोनेरी उजेडातला, दूर कुठंतरी बघणारा येशूच लटकतो. फोन्सेकांची मरिया कोसाडच्या एकाही घरात मी पाहिलेली नाही.

जगातही चर्चची चित्रपटाकडं पाहण्याची नजर सावकाशच निवळली. 1936 साली पोप अकरावे पायस यांनी चलच्चित्रांवर परिपत्रक काढलं, त्यातला मुख्य सूर सावधगिरीचा. 1995 साली चित्रपटाला शंभर वर्षं झाली तेव्हा व्हॅटिकननं 45 चांगल्या चित्रपटांची यादी केली. तिच्यात पासोलिनीचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा 1964चा चित्रपट आहे, आणि पासोलिनी मार्क्सवादी, देव न मानणारा. तिच्यातच 1987चा 'बाबेटची मेजवानी' हा डॅनिश चित्रपट आहे. कडक व्रतस्थ म्हाताऱ्यांच्या एका छोट्या मंडळीत फ्रान्सहून परागंदा झालेली स्वयंपाकीण येते आणि लॉटरीत लागलेला सगळा पैसा एका जेवणावर उधळते. म्हाताऱ्यांनी आपसांत ठरवलेलं असतं की पदार्थांची चव लागली तरी अवाक्षर काढायचं नाही. पण जेवता जेवता जुनी भांडणं मिटत जातात. कानाच्या लग्नातल्या सहा रांजणांवर याहून चांगलं प्रवचन मी ऐकलेलं नाही.

त्या 1936 सालीच पुण्यात प्रभातचा 'संत तुकाराम' तयार झाला. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम आणि गौरी जिजाई. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीसांच्या चेहऱ्यावरचं निर्मळ हसू सगळ्यांना आठवतं, पण माझं लक्ष जिजाईवर जातं. मूल तापलं तेव्हा ती वहाण उगारून थेट विठोबाच्या देवळात शिरते. नवऱ्याच्या वैकुंठापेक्षा तिला घरातली पोरंबाळं जवळची. ही जिजाई आणि 'स्मृतिचित्रे'तल्या लक्ष्मीबाई सख्ख्या बहिणी शोभतील. दोघींचे नवरे देवाच्या नादी लागलेले, दोघींच्या घरी धान्याचा डबा रिकामा, आणि दोघी देवाशी भांडायला न भिणाऱ्या. देवाशी इतकं मोकळं भांडता येणं, हाही आनंदाचाच प्रकार आहे. स्तोत्रसंहितेत अशी भांडणं भरपूर आहेत, आपण उपासनेत ती जरा घाईनं वाचतो इतकंच.

म्हणून यंदा नाताळात 'दयासागर'च्या जोडीला 'संत तुकाराम' लावू, असं मी सुचवलं. पाळकांनी हसून विषय टाळला. मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मात्र सरळ विचारलं, "आपल्या नाताळाशी तुकारामाचा काय संबंध?" त्यांची भीती मला कळते. कोसाडहून डांग फार लांब नाही, आणि 1998च्या नाताळात तिथं प्रार्थनाघरं जळली होती. आपलं कोण आणि परकं कोण हे अशा ठिकाणी जपून ठरवावं लागतं. आधीच थोडे असलेले लोक आपली खूण पुसट होऊ द्यायला धजत नाहीत. त्यात काकांचा हट्टही नव्हता, काळजी होती. मी त्यांना म्हटलं, "काका, काल उपासनेत तुम्ही ज्यांचं भजन एवढं रंगून म्हटलंत, ते टिळक याच माणसाचं बोट धरून आपल्याकडं आले." ते थोडं थांबले, मग म्हणाले, "भजन वेगळं, सिनेमा वेगळा." त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. डिसेंबरच्या कार्यक्रमाची यादी अजून पक्की झालेली नाही.